मान साफ, डोळे उघडे

माझ्या वडिलांचा हात अख्ख्या बुधवार पेठेत सर्वांत हलका, असं गिऱ्हाइकं म्हणायची. आईला विचारलं असतं तर तिनं वेगळं सांगितलं असतं. पण तिला काही विचारायचं तर उजव्या बाजूला जाऊन विचारावं लागे, कारण तिचा डावा कान अण्णांच्या त्या हलक्या हातानंच गेला होता. आमटी खारट झाली म्हणून. मी ती आमटी खाल्ली होती, इतकी काही खारट नव्हती.

अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे स्टुडिओ, मधे अंधारी खोली, मागे आमच्या दोन खोल्या, आणि सगळ्यात मिळून एक नळ. समोर रेडिओची दुकानं. तिथली पोरं दिवसभर भोंगे लावून ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ करत बसायची, त्यातच सकाळ-संध्याकाळ दगडूशेठच्या आरतीच्या घंटा. आई खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायची तो आवाज मला फार आवडायचा, कारण ती कुटत असली म्हणजे घरात सारं ठीक आहे असं समजायचं. सारं ठीक नसलं की ती स्टोव्हला पंप मारायला घ्यायची. अण्णा मला मारायला लागले की आई स्टोव्ह पेटवायची, भर्रर्र. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. आमच्या शेजारच्या बाई म्हणायच्या, ‘तुमच्याकडे चहा फार होतो हो!’ सगळं कळत होतं मेलीला.

मारायला फोटो कापायची लाकडी पट्टी असे. पण अण्णांचा एक नियम होता, हातांवर मारायचं नाही. हात कामाचे. पाठ, पोटऱ्या, दंड, कुठंही. मनगटाच्या खाली नाही. मी बारा वर्षांची असल्यापासून त्यांच्या हाताखाली रंग भरत होते आणि एकोणिसाव्या वर्षी, तेव्हाची गोष्ट मी सांगते आहे, दुकानाचं सगळं रंगकाम माझ्याकडे होतं. तेव्हा फोटो काळा-पांढराच निघे. रंगीत हवा असला तर तो हातानं रंगवायचा. काडीला कापूस गुंडाळायचा, तेलाचा रंग टिंबभर घ्यायचा आणि गालावर असा फिरवायचा की कापूस टेकला की नाही हे कागदालाही कळू नये. गिऱ्हाइकाला विचारून अण्णा चिठ्ठी लिहायचे. साडी मोरपंखी, काठ लाल, वर्ण निमगोरा. ‘निमगोरा’ लिहिलेलं असलं तरी गोरा करायचा, हे मला सांगावं लागत नसे.

माझा नातू ओंकार खराडीला कंपनीत आहे. परवा लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, “आजी, तुझ्या ट्रंकेतले सगळे ओल्ड फोटो मी कलर करून देतो. एक क्लिक. हिस्ट्री एकदम जिवंत होते बघ!” केले खरे त्यानं. माझी आई, अण्णा, एक पोलिस, दोन मारवाडी आणि कुणाचं तरी बाळ, सगळ्यांचा वर्ण एकच, बिस्किटासारखा. मी म्हटलं, “अरे, तुझ्या त्या यंत्रानं यातल्या एकाला तरी बघितलं होतं का?” तो म्हणाला, “ते गेस करतं, आजी.” अंदाजानं रंग लावणाऱ्याला नावं ठेवायला माझं तोंड आधी स्वच्छ हवं ना.

स्टुडिओची जागा बापूसाहेबांची. पेठेत त्यांचं लोखंडाचं मोठं दुकान होतं, आणि त्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो ओळीनं लावलेले असत, हार घालून. त्यांची सून एका सकाळी अचानक गेली. शालिनी तिचं नाव, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. झोपेत हृदय बंद पडलं, असं पेठेत सांगितलं गेलं. भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता, आणि लग्नातल्या प्रत्येक फोटोत शेजारी नवरा. मेलेल्या बायकोशेजारी जिवंत नवरा भिंतीवर कसा टांगायचा? म्हणून तिरडी बांधायच्या आत अण्णांना बोलावणं आलं. मेलेल्या माणसाचा फोटो काढून त्याचे डोळे रंगानं उघडून द्यायचे, हे काम तेव्हा सगळे स्टुडिओ करत. अण्णा काचेच्या प्लेटवर फोटो काढून आले, प्लेट धुतली आणि माझ्यापुढे चिठ्ठी टाकली. ‘मान साफ, डोळे उघडे, साडी हिरवी, कुंकू ठसठशीत.’

काचेवर सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. चेहऱ्यावर काळा डाग असला तर काचेवर तिथं पांढरट रेघ दिसते. त्या रेघेत टोकदार पेन्सिलीनं शिसं भरत जायचं, म्हणजे छापल्यावर डाग नाहीसा होतो. देवीचे व्रण, मुरुमं, म्हातारपणाच्या सुरकुत्या, मी असंख्य बुजवल्या होत्या. शालिनीचा पदर गळ्यापर्यंत ओढलेला होता, पण डाव्या कानाखालून एक पट्टा पुढे येऊन पदरात शिरत होता. बोटभर रुंद, एका जागी जास्त दाट, कडेला बारीक पीळ पडलेला. मी मनात म्हटलं, उशीच्या अभ्र्याची घडी उमटली असेल. खरंच असं म्हटलं हो! एकोणीस वर्षांची घोडी, घरात रोज मार बघणारी, आणि मला वळ ओळखता आला नाही. डाग दिसला की बुजवायचा, इतकंच माझ्या डोळ्यांना शिकवलेलं. दोन दुपारी मी भिंग लावून तो पीळ केसाकेसानं भरला. मग फोटो छापून डोळे उघडले, साडी हिरवीगार केली, आणि सवाष्णीचा गळा मोकळा बरा दिसत नाही म्हणून मंगळसूत्र रंगवलं, बरोबर त्याच जागेवरून. अण्णांनी फोटो उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “बसला तुझा हात.” आयुष्यात त्यांनी माझं एकदाच कौतुक केलं, ते ह्या कामाचं.

बापूसाहेब फोटो घेऊन गेले आणि चारच दिवसांनी हौसाबाई आली. खराडीची, शालिनीची आई. खराडी तेव्हा गाव होतं, आणि नदीकाठची उसाची चांगली जमीन ह्या विधवा बाईच्या नावावर होती. जमीन जावयाच्या नावे करून दे म्हणून दोन वर्षं तगादा चालू होता, हे मला नंतर समजलं. अण्णा बाहेर गेले होते. मळकट लुगडं, कपाळ मोकळं, हातात चपला घेऊन ती उंबऱ्याशी उभी राहिली.

“माझ्या शालनचा फोटू काडलाय म्हनं तुमी. मला दावा की. सांगावा यीस्तवर त्यांनी तिला जाळून बी टाकली. मला तोंड न्हाई बघाया मिळालं.”

मी जास्तीची छापलेली प्रत काढली. त्यावर रंग नव्हता, डोळे मिटलेले होते, मान मात्र साफ होती. हौसाबाईनं चेहऱ्याकडे बघितलंच नाही. बोट थेट कानाखाली ठेवलं आणि विचारलं, “हितं काय न्हवतं?”

“काय असायला हवं होतं?”

“तिला आंगुळ घालाया आलेल्या बाईनं सांगिटलं मला. दोरीचा वळ व्हता म्हनं. हितनं हितवर.” आणि तिनं स्वतःच्या गळ्यावर बोट ओढलं. बरोबर त्याच जागी. मी खाली बसले. मी बसलेली बघून ती काय समजायचं ते समजली.

“बाई,” मी म्हटलं, “होता. मी बुजवलाय. पण पेन्सिलीचं शिसं आहे ते, टर्पेंटाइननं पुसलं की निघतं. थांबा तुम्ही.” मी आत धावले, प्लेट शोधली, फडक्यावर टर्पेंटाइन ओतलं. मागे अण्णा उभे होते. कधी आले, किती ऐकलं, देव जाणे. त्यांनी माझ्या हातातली प्लेट काढून घेतली, अगदी हलक्या हातानं, कडेला धरून, बोटांचा ठसा उमटू नये अशी. आणि नळाखालच्या दगडावर आपटली. मग चपलेनं त्या काचा रगडल्या. खरखर खरखर.

“जागा त्यांची आहे,” ते म्हणाले. “उद्या रस्त्यावर राहणार आहेस?”

“तुम्ही बघितलं होतंत,” मी म्हटलं. “म्हणून चिठ्ठीत लिहिलंत, मान साफ.”

त्यावर पट्टी आली. पट्टी मोडली तेव्हा कॅमेऱ्याच्या तिपाईचा पाय आला. त्या दिवशी त्यांना स्वतःचा नियमही आठवला नाही; डावा हात मी वर धरला होता, त्याची दोन बोटं मोडली ती आजही वाकत नाहीत. आई स्टोव्हकडे गेली, पंप हातात घेतला आणि मग, का कोण जाणे, तो खाली ठेवला. पहिल्यांदाच आमच्या घरातला आवाज सगळ्या पेठेनं ऐकला. भोंगेसुद्धा थांबले. हौसाबाई आत शिरून अण्णांच्या अंगावर गेली. “तुजं मढं बशिवलं तुजं! पोरीला मारतुस? मार मला!” अण्णांनी तिला ढकललं, ती दारावर आपटली, कपाळ फुटलं. पण जाताना ती प्रत तिनं लुगड्याच्या ओच्यात घालून नेली.

बोटांना लाकडी पट्ट्या बांधलेल्या असताना सहाव्या दिवशी मी खराडीला गेले. अण्णांना विचारलं नाही, आईनं चार भाकऱ्या आणि तीच चटणी बांधून दिली. हौसाबाई पोलिस चौकीत जाऊन आली होती. तिथल्या माणसानं फोटो बघितला आणि सांगितलं, ह्यात तर काहीच दिसत नाही, बाई. ती मला म्हणाली, “तू बगितलास न्हवं? मग काड.”

“मी काढलेलं कुणी खरं मानणार नाही.”

“कुनासाठी काडायचंय? आदी मला बगू दे, माज्या लेकीला काय केलं त्ये.”

उजवा हात धड होता. मी रंगाची डबी घेऊन गेलेच होते, खोटं कशाला बोलू. तिच्या ओसरीवर बसून मी शालन रंगवली. डोळे मिटलेलेच ठेवले, मंगळसूत्र रंगवलं नाही. साडी कुठली होती विचारलं तर हौसाबाईला माहीत नव्हतं, म्हणून साडी तशीच करडी सोडली. आणि मान. अहो, तो वळ माझ्याइतका कुणाला पाठ होता? दोन दुपारी मी तो भिंगातून बघितला होता. कुठं दाट, कुठं विरळ, पीळ कुठं वळतो, सगळं हातात होतं. फक्त रंग माहीत नव्हता, कारण प्लेटवर रंग नसतो. मी माझ्या दंडावरच्या वळांकडे बघितलं आणि तसा जांभळा लावला. हौसाबाई शेजारी बसून बघत होती. मी संपवलं तेव्हा ती उठून परसात गेली आणि तिथून असा आवाज आला की गोठ्यातलं जनावर दावं तोडायला लागलं.

शालनला जाऊन सहा महिने होतात न होतात तोच वसंतचं, म्हणजे बापूसाहेबांच्या मुलाचं, दुसरं लग्न ठरलं. मुलगी नाना पेठेतली, वडील शाळेत मास्तर. साखरपुड्याच्या दिवशी सकाळी हौसाबाई आमच्या दारात आली आणि मला म्हणाली, “चल.” अण्णा फोटो काढायला आधीच मास्तरांच्या घरी गेले होते. मी पायांत चपला सरकवल्या.

जाजमावर पंचवीस-तीस माणसं, पेढ्यांची ताटं, मधे वसंत नवाकोरा सदरा घालून. हौसाबाई सरळ मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली आणि पदराखालून फोटो काढून त्यांच्या हातात दिला. “ही ह्यांची पयली सून. माजी लेक. बगून घ्या आन् मग साखर वाटा.”

बापूसाहेब जागेवरून हललेसुद्धा नाहीत. “मास्तर, म्हातारीचं डोकं फिरलंय. आणि तो फोटो नव्हे, चित्र आहे. ती बघा, रंगारीण बरोबरच आणली आहे.”

अण्णा कॅमेऱ्यामागे उभे होते. काळं फडकं डोक्यावरून काढून ते माझ्याकडे बघत राहिले.

“खरं आहे ते,” मी म्हटलं. “मीच रंगवलाय. आधी वळ पुसलाही मीच होता. पुसताना जेवढा बघितला तेवढाच काढलाय, एक रेघ जास्त नाही.”

मास्तर फोटो बघत होते. वसंत उठला. मास्तरांच्या हातून त्यानं फोटो हिसकला, मी दुसरं टोक धरलं आणि सोडेना. तेव्हा त्याचा हात माझ्या गळ्यावर आला. मला दाराच्या चौकटीला टेकवून त्यानं दाबलं. अंगठा कानाखाली, बाकीची बोटं दुसऱ्या बाजूला. घाईगडबड नाही, धांदल नाही; हाताला ती जागा ठाऊक होती. माझ्या डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं, कानांत स्टोव्हसारखी भर्रर्र सुरू झाली, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यावर राग नव्हता. कंटाळा होता. चारपाच जणांनी ओढून त्याला बाजूला केला, हौसाबाईनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला, तेव्हा कुठं मला श्वास मिळाला; फोटो माझ्याच हातात राहिला.

आतल्या दारात ती मुलगी उभी होती, नवरी व्हायची ती. हातात ओटीचं ताट. तिनं ते खाली ठेवलं. फोटोकडे तिनं बघितलंही नाही, माझ्या गळ्याकडे बघितलं, मग वसंतच्या हाताकडे. आणि आम्हां पुण्याच्या बायकांना शोभेल अशा आवाजात म्हणाली, “बाबा, ह्यांच्या चपला दारात आहेत. त्यांना दाखवता का?”

मास्तरांनी दाखवल्या. पुढे पोलिसांत काय झालं म्हणाल तर काही झालं नाही. वसंतला मात्र पुण्यात पुन्हा कुणी मुलगी दिली नाही. ह्या गावात एवढा एकच खटला भराभर चालतो. आणि आमचं म्हणाल तर दुसऱ्याच दिवशी चार माणसं आली आणि स्टुडिओ फोडून गेली. पहारींनी. काचेच्या प्लेटा फुटतात तेव्हा आधी किणकिण होते आणि मग नुसता चुरा. पेठेतली किती माणसं, किती लग्नं, किती बारशी त्यात गेली! अण्णा भिंतीला टेकून बसले होते, नाकातून रक्त येत होतं. मला म्हणाले, “तुझ्यामुळे.” मी म्हटलं, “हो.” त्यांनी हात उचलला, माझ्या गळ्याकडे बघितलं आणि खाली घेतला. मी त्यांना क्षमा केली नाही. आजही केलेली नाही, आणि ते जाऊनही आता खूप वर्षं झाली.

आम्ही तिघं कसब्यात आईच्या भावाकडे एका खोलीत राहायला गेलो. तिथं भिंतीवर आरसा होता, आणि मला दुसरं काही काम नव्हतं. मी गळा बघत बसायची. पहिल्या दिवशी वसंतची बोटं माझ्या गळ्यावर लाल उमटली होती, तापल्या तव्याला हात लागल्यावर होतं तशी लाल. तिसऱ्या दिवशी निळी झाली. पाचव्या-सहाव्या दिवशी जांभळी, मग कडेनं हिरवट, मग हळदीसारखी पिवळी. रंगवणारीच मी, रोजचा रंग मनात टिपून ठेवत होते. आणि त्या जांभळ्या दिवशी माझी चूक मला कळली. मी शालनला जांभळा लावला होता. माझ्या दंडावरचे जुने वळ बघून लावला होता. पण जांभळा व्हायला अंगात रक्त फिरत राहावं लागतं, पाच-सहा दिवस जगावं लागतं. तिला कुठं ते मिळालं होतं? अण्णांनी तिचा फोटो काढला तेव्हा ते सारं त्याच पहाटेचं होतं.

मी पुन्हा खराडीला गेले. आता जिथं काचेच्या इमारती आहेत आणि ओंकार कामाला जातो, तिथंच कुठंतरी ते घर होतं. मी हौसाबाईला सांगितलं, रंग चुकलाय माझा. तिनं का, कसा, काही विचारलं नाही. खिळ्यावरचा फोटो काढून पदरानं पुसला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी टर्पेंटाइननं जांभळा उतरवला आणि कापसाच्या टोकानं लाल भरला, सावकाश, कानाखालून पदरापर्यंत.

तिनं फोटो हातात घेऊन बघितला. मग माझ्या गळ्यावरचा पिवळा डाग बोटानं चाचपला.

“असं लाल किती दिस ऱ्हातंय?”

“दोन दिवस,” मी म्हटलं. “मग बदलतं.”

“हिचं न्हाई बदलायचं,” हौसाबाई म्हणाली, आणि फोटो परत खिळ्याला लावला.